कुपातल्या माणसांचे कागद

नांदेड जिल्ह्यात कुणी ‘हिमायतनगरला चाललोय’ म्हणाले तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तिथले, म्हणजे जुन्या वाढोण्याचे, परमेश्वर मंदिर येते, पावसाळ्याचे दिवस असतील तर सहस्रकुंडचा धबधबा येतो. हैदराबादेत तेच वाक्य रिक्षावाल्याला सांगा, तो फक्त गल्लीचा नंबर विचारतो. तिथल्या हिमायतनगरच्या गल्ल्यांना नावे कमी आणि आकडे जास्त. सातव्या निजामाचा थोरला मुलगा आझम जाह, म्हणजेच हिमायत अली खान, याच्या नावावरून ही वस्ती ओळखली जाते. शहराला पाणी देणारा हिमायतसागरही त्याच्याच नावाचा.

आदिलाबादहून सुटणारी कृष्णा एक्सप्रेस किनवट, भोकर, मुदखेड करत निजामाबादमार्गे सिकंदराबादला जाते. किनवटच्या आसपास खिडकीतून सागाचे डोंगर दिसतात. या सागाची तोड पिढ्यान्पिढ्या ज्या हातांनी केली त्यांची मजुरी कोण ठरवत होते, त्यांनी कधी एकत्र येऊन दर मागितला का, त्यांची काही संघटना होती का, हे शोधायचे होते. त्यासाठी हैदराबादच का, असे कुणी विचारील. उत्तर सोपे आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके हैदराबाद संस्थानातल्या, नंतर हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. किनवट नांदेडला जोडले गेले, राजुरा पुढे चंद्रपुरात गेला. जंगल जागेवरच राहिले, पण त्याचा जुना कारभार हैदराबादेत, मुसी नदीच्या काठी झाला. मराठी मुलखातल्या या जंगलाचा माग काढायचा तर मुंबई-नागपूरच्या आधी हैदराबाद गाठावे लागते.

सिकंदराबादला उतरून मेट्रोची हिरवी मार्गिका धरली की चिक्कडपल्लीनंतर नारायणगुडा येते. तिथून हिमायतनगर पायी गाठता येते. डाव्या-उजव्या हाताला दागिन्यांची दुकाने, शिकवण्यांच्या पाट्या, इडली-दोशाची गर्दी. सातवा निजाम मीर उस्मान अली खान ज्या किंग कोठीत राहिला आणि १९६७ साली वारला, ती इथून हाकेच्या अंतरावर आहे. आणि याच हिमायतनगरात मखदूम भवन आहे, भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे राज्य कार्यालय. राजाच्या शेजाराला लाल निशाण. हैदराबादला अशा शेजाराचे फारसे काही वाटत नाही.

मखदूम मोहिउद्दीन हे नाव मराठी वाचकाला बहुधा उर्दू कवी म्हणून ठाऊक असते, किंवा हिंदी सिनेमातल्या त्यांच्या रचनांमुळे. तेव्हाच्या मेदक जिल्ह्यातल्या अंदोल गावी १९०८ साली जन्मलेला हा माणूस हैदराबादच्या सिटी कॉलेजात शिकवत होता. नोकरी सोडून तो कामगारांत गेला. १९४६ साली ऑल हैदराबाद ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली तिचा अध्यक्ष तोच. सोबत डॉ. राज बहादूर गौड. पुढे मखदूम भूमिगत झाले, तुरुंगात गेले, १९५२ नंतर विधिमंडळात बसले आणि १९६९ साली दिल्लीत वारले. ‘बिसात-ए-रक्स’ या संग्रहाला त्याच वर्षीचा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. एकाच माणसाने गझल आणि मजुरीचा दर दोन्ही सांभाळावेत, हे हैदराबादेत घडले.

त्या काळातल्या हैदराबादच्या युनियन कुठे होत्या पाहा. निजामाची रेल्वे, कापडगिरण्या, शहाबादचे सिमेंट, सिगारेटचे कारखाने, सिंगरेणीच्या कोळसा खाणी. या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट समान आहे: फाटक. भोंगा वाजतो, माणसे एका दारातून आत जातात, त्याच दारातून बाहेर येतात, आणि त्या दारावर पत्रक वाटता येते, सभा घेता येते. जंगलाला फाटक नसते. सिंगरेणीच्या खाणीतला कामगार युनियनचा सभासद होऊ शकत होता, पण त्याच्या डोक्यावरचे छत ज्या लाकडी टेकूंवर तोललेले असे, ते टेकू तोडून आणणारा माणूस कुठल्या हजेरीपटावर असेल? तो पावसाळ्यात शेतकरी, हिवाळ्यात लाकूडतोड्या, उन्हाळ्यात तेंदूपाने वेचणारा. वर्षात तीन धंदे, आणि तिन्हींत दुसऱ्याच्या मर्जीवर.

चहाच्या टपरीवर एका वयस्क युनियनवाल्याला मी काय शोधतोय ते सांगितले. ते हसले आणि दखनीत म्हणाले, “देखो साब, जंगलवालों को लेबर में नक्को ढूँढो, किसान में ढूँढो.” या एका वाक्याने माझे बरेच हेलपाटे वाचले.

आता कामाकडे येतो, कारण काम कळल्याशिवाय कागद कळत नाहीत. जंगलाच्या ज्या तुकड्याची तोड व्हायची असते त्याला कूप म्हणतात. ठेकेदारीच्या काळात कुपाचा लिलाव होई. लिलावाआधी वनखात्याचे लोक कूप आखून घेत आणि झाडांवर हातोडा मारत. हा हातोडा खिळे ठोकायचा नव्हे. त्याच्या तोंडावर खात्याची खूण उलटी कोरलेली असते. कुऱ्हाडीने साल तासून उघड्या केलेल्या लाकडावर तो हाणला की ठसा उमटतो. एक ठसा अगदी बुंध्याशी मारतात. झाड पाडून ओंडका निघून गेला तरी जमिनीत राहिलेल्या खुंटावर तो ठसा दिसला पाहिजे, म्हणजे ही तोड परवानगीची की चोरीची हे नंतर तपासता येते. मग ओंडक्याची लांबी मोजायची, मध्यावर घेर मोजायचा, वहीत उतरवायचे, डेपोत थप्पी लावायची, वाहतुकीचा परवाना फाडायचा. एका ओंडक्यामागे इतक्या नोंदी होतात. आणि ज्याने तो तोडला त्याची नोंद? ती मुकादमाच्या वहीत असते, ती वही ठेकेदाराच्या घरी असते, आणि ठेका संपला की त्या वहीची कुणालाच गरज नसते. सरकारी दप्तरात लाकूड मोजलेले सापडते, माणूस मोजलेला सापडत नाही. माझ्या साऱ्या शोधाचे सार हेच आहे, आणि ते हिमायतनगरपुरते नाही.

सरकारी दप्तर पाहायचे तर तारनाक्याला जावे लागते, तेलंगणाच्या राज्य अभिलेखागारात. मोगलांच्या दख्खनच्या कारभारातले दीड लाखांवर कागद तिथे आहेत, त्यामुळे मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक हा पत्ता जुनाच ओळखतात. संशोधकाने ओळखपत्र, आपल्या संस्थेचे पत्र आणि पुरेसा वेळ घेऊन जावे. दोन गोष्टींची तयारी मात्र घरूनच हवी. एक, उर्दू. संस्थानाची राजभाषा १८८० च्या दशकात फारसीवरून उर्दूवर आली, आणि कारकुनी उर्दूची घसटती लिपी छापील उर्दू वाचणाऱ्यालाही घाम फोडते. दुसरी, फसली सन. हैदराबादचे सरकारी वर्ष फसली असे आणि ते ऑक्टोबरात सुरू होई. फसली आकड्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. १३५५ फसलीचा हैदराबाद जंगल कायदा म्हणजे १९४५-४६ चा. ही बेरीज डोक्यात नसली तर माणूस जवळजवळ सहाशे वर्षे मागे जाऊन बसतो.

हिमायतनगरच्या जवळच बागलिंगमपल्लीला सुंदरय्या विज्ञान केंद्र आहे. पुच्चलपल्ली सुंदरय्या हे तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यातले मोठे नाव, पुढे मार्क्सवादी पक्षाचे पहिले सरचिटणीस. या केंद्रात जुन्या उर्दू पुस्तकांचा आणि नियतकालिकांचा फार मोठा संग्रह आहे. एका हैदराबादी गृहस्थांनी आयुष्यभर जमवलेला तो ठेवा शिकागो विद्यापीठाच्या पुढाकाराने वाचला आणि इथे आला. ऑगस्ट २००० मध्ये हैदराबादेत ढगफुटीसारखा पाऊस झाला तेव्हा केंद्रात पाणी शिरले, पुस्तके भिजली, आणि ती वाळवून-सावरून पुन्हा मांडावी लागली. कामगारांचा इतिहास वाचवायचा म्हणजे सभागृहात भाषण करणे नव्हे. ओली पाने एकेक सुटी करणे हे त्यातले खरे काम.

टपरीवरच्या त्या वयस्क युनियनवाल्याच्या सल्ल्याप्रमाणे ‘किसान’ आणि ‘आदिवासी’ या खणांत डोकावले की आदिलाबादचे जंगल एकदम बोलू लागते. कोमराम भीम या गोंड पुढाऱ्याला १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांनी ठार केले. झगडा जमिनीचा होता, चराईच्या पट्टीचा होता, राखीव जंगलातून उठवलेल्या गावांचा होता, जंगल शिपायांच्या वसुलीचा होता. भीमच्या चरित्रांत एक गोष्ट हमखास येते: गावातून परागंदा झाल्यावर तो चंद्रपुरात एका छापखान्यात राहिला, तिथे लिहा-वाचायला शिकला, आणि मग आसामच्या चहामळ्यांत मजूर म्हणून गेला. परत आला तो मजुरांची एकजूट पाहूनच. आपल्याकडे त्याचे चित्र बंदूक घेतलेल्या बंडखोराचे झाले. हुसेनसागरच्या बांधावर, टँक बंडवर, त्याचा पुतळा आहे आणि मखदूमचाही आहे. मळ्यातला मजूर भीम मात्र पुतळ्यात मावलेला नाही.

जोडेघाटनंतर निजाम सरकारला प्रश्न पडला की हे लोक मुळात बिथरले का. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ तेव्हा युद्धामुळे हिंदुस्थानात अडकला होता. त्याला आदिलाबादेत पाठवले. त्याने जे अहवाल दिले त्यांत जमिनी कशा गेल्या, फुकट काम कसे करून घेतले जाते, जंगल शिपाई काय काय उकळतात, हे सरळ लिहिले. संस्थानाच्या नोकरीत असलेल्या माणसाने हे लिहावे याला धारिष्ट लागते. त्याच जिल्ह्यातल्या मारलवाईला त्याने १९४३ साली गोंड शिक्षण केंद्र काढले. तिथली गोंडी वाचनमाला देवनागरीत छापली, कारण त्या मुलखात बाजाराची, व्यवहाराची भाषा मराठी होती. हायमेनडॉर्फ आणि त्यांच्या पत्नी बेटी यांची समाधी मारलवाईलाच आहे, आणि गोंड तिथे आजही जमतात.

या साऱ्या कामात एक मराठी माणूस होता. सेतुमाधवराव पगडी. मराठी वाचक त्यांना शिवकालाचे आणि मोगल-मराठा संघर्षाचे इतिहासकार म्हणून ओळखतो. निलंग्याचा हा माणूस हैदराबादच्या मुलकी सेवेत होता आणि आदिलाबादच्या गोंडांत अधिकारी म्हणून राहिला, गोंडी शिकला, त्या भाषेवर लिहिले, आणि तिथल्या अनुभवांवर १९४९ साली इंग्रजीत पुस्तक काढले. ‘जीवनसेतू’ हे त्यांचे आत्मचरित्र. तारनाक्याच्या फारसी कागदांवरून पगडींचे नाव घेणारे आपल्याकडे शेकड्याने सापडतील, मारलवाईच्या वाटेवरून त्यांची आठवण काढणारे फार थोडे. मला विचाराल तर त्यांचे हे दुसरे काम पहिल्यापेक्षा कमी मोलाचे नाही.

तरीही हे सगळे जमिनीचे आणि जंगलहक्काचे. तोडीच्या मजुरीसाठी, दर ठरवून घेण्यासाठी केलेला संप हवा असेल तर हैदराबाद सोडून अरबी समुद्राकडे यावे लागते, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात. इथे लाकूडतोड्यांची युनियन खरोखर झाली, फक्त तिच्या पाटीवर युनियन असे लिहिलेले नव्हते. पाटी किसान सभेची होती.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला महाराष्ट्रातल्या किसान सभेचे अधिवेशन झाले. वारली आदिवासी तिथे आले होते. किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर मग उंबरगाव-डहाणूच्या पाड्यांत गेले. २३ मे १९४५ रोजी झरी गावात हजारोंच्या सभेत ठरले: वेठ करायची नाही, सावकाराच्या शेतावर फुकट राबायचे नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गवतकापणीचा संप आला. मुंबईच्या तबेल्यांना इथून गवत जाई. पाचशे रत्तल गवताला अडीच रुपये, ही मागणी. त्याच महिन्यात तलवाड्याला जमावावर गोळीबार झाला, पाच वारली मेले. लोक मागे हटले नाहीत. पुढच्या हंगामात, १९४६ साली, संप जंगलतोडीवर पसरला. रोजचा किमान दर सव्वा रुपया, हा आकडा लढ्याचा झाला.

हंगाम कसा निवडला होता ते पाहण्यासारखे आहे. तोड पावसाळा सरल्यावर सुरू होते आणि माल पुढच्या पावसाच्या आत डेपोत पोचला पाहिजे, नाहीतर नाले भरतात, गाड्या रुततात. ठेकेदाराने कुपासाठी पैसे आधी भरलेले असतात. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुऱ्हाड थांबली की त्याचा एकेक दिवस पैशात जातो. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांना ठेकेदाराच्या जमाखर्चातली ही नाजूक जागा पक्की ठाऊक होती. शेवटी लाकूड व्यापाऱ्यांच्या संघाला किसान सभेशी बोलणी करावी लागली. परुळेकर दांपत्याला मात्र सरकारने जिल्ह्याबाहेर घालवले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकात हे सारे आहे, आणि त्याला साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. लोक ते आत्मकथन म्हणून वाचतात. लाकूडतोड्यांच्या संघटनेचे दप्तर म्हणून ते पुन्हा एकदा वाचून पाहावे.

सरकारने यातून काय घेतले? मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर हे आदिवासी सेवा मंडळाचे संस्थापक. त्यांच्या सरकारने १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्था काढायला सुरुवात केली. लिलाव टाळून कूप थेट संस्थेला द्यायचा, सभासद तोड करतील, नफ्यात त्यांचा वाटा राहील, आणि पाठीशी एखादी समाजसेवी संस्था उभी राहील. कल्पना चांगली होती, ठेकेदार खरोखर बाजूला झाले. पण माझे मत स्पष्ट सांगतो: संपाने जे हाती आले होते ते दर मागण्याचे बळ होते, आणि त्याच्या जागी भागधारकाचे प्रमाणपत्र दिले गेले. काही संस्था सभासदांनी चालवल्या, काही चिटणिसांनी. पुढे १९८० चा वनसंवर्धन कायदा आला. मग १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्य आयोजनेशिवायची तोड थांबवली, आणि कूपच आटले.

वारल्यांच्या संपाच्या सुमारास कॅनडात काय होते ते पाहण्याजोगे आहे. व्हँकुव्हर बेटावरचे लाकूडतोडे ज्या आंतरराष्ट्रीय वुडवर्कर्स युनियनमध्ये होते ती १९३७ साली स्थापन झाली. तिथे विल्मर गोल्ड नावाचा छायाचित्रकार तोडीच्या तळावर राहून माणसांचे फोटो काढत असे, आणि तो संग्रह आता लेक कोविचनच्या छोट्या संग्रहालयात आहे. त्या युनियनमध्ये लाकूडगिरण्यांतल्या पंजाबी कामगारांना आणणारा दर्शन सिंग संघा स्वातंत्र्यानंतर भारतात परतला, ‘दर्शन सिंग कॅनेडियन’ म्हणून पंजाबात भारतीय कम्युनिस्ट पक्षाचा आमदार झाला, आणि १९८६ साली खलिस्तानवाद्यांच्या गोळीला बळी पडला. तिथल्या लाकूडतोड्याचा चेहरा आणि नाव दोन्ही मिळतात. जंगल आपलेही होते, कुऱ्हाड आपलीही होती. तिथे युनियनने आपले कागद स्वतः जपले, एवढाच फरक.

आदिलाबादची गोष्ट १९५० पाशी थांबली नाही. सिरपूर पेपर मिल्सचे उत्पादन १९४२ साली सुरू झाले, कोतापेठ गावाचे कागजनगर झाले, आणि आसपासच्या डोंगरांतला बांबू कागद होऊ लागला. गिरणीच्या आतला कामगार कायम, बांबू तोडणारा ठेकेदाराचा. १९८० च्या सुमारास नक्षलवादी दलम आदिलाबाद आणि गडचिरोलीत शिरले तेव्हा त्यांना लोकांनी ऐकून घेतले ते मुख्यतः तेंदूपानाच्या आणि बांबूच्या दरामुळे. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला गिरिजन रयतु कूली संघमच्या सभेवर गोळीबार झाला. सरकारने १३ मृत सांगितले, लोक त्याच्या कितीतरी पट सांगतात. कायदेशीर संघटनेने जो प्रश्न हाती घ्यायचा तो न घेतला की कोण घेते, हे त्या भागाने पाहिले आहे. उलट दिशेची गोष्ट गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची: २०११ च्या एप्रिलमध्ये ग्रामसभेच्या हातात बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक आले. इतकी वर्षे जो कागद खात्याने फाडला तो गावाने फाडायला सुरुवात केली.

हिमायतनगरला जाणाऱ्यांनी कामाच्या दिवशीच जावे, मखदूम भवन, बागलिंगमपल्ली आणि टँक बंड एका दिवसात होतात, तारनाक्याला वेगळा दिवस ठेवावा. कामगार चळवळीच्या जुन्या कागदांसाठी नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेतले ‘आर्काइव्हज ऑफ इंडियन लेबर’ही १९९८ पासून आहे. पण त्याहून निकडीचे काम आपल्या घराजवळ आहे. पालघर, शहापूर, नंदुरबार, गडचिरोली या भागांत अवसायनात निघालेल्या किंवा नुसत्या पाटीपुरत्या उरलेल्या जंगल कामगार संस्थांच्या कपाटांत मस्टर आहेत, पगारपत्रके आहेत, अंगठ्याच्या ठशांच्या ओळी आहेत. तोड करणाऱ्याचे नाव जिथे खरोखर लिहिले गेले असा हा बहुधा एकमेव कागद. वाळवी आणि रद्दीवाला दोघेही वाट पाहत नाहीत. तुमच्या ओळखीत अशा संस्थेचा जुना चिटणीस असेल तर त्याला या आठवड्यात फोन करा, आणि ती मस्टर तालुक्याच्या वाचनालयात किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात पोचवा.